रात्रपाळीचा जुना चाकर : मांजर आणि माणसाची झोप

पहाटेचे चार वाजून दहा मिनिटे. पायाच्या अंगठ्याला दातांचा हलका स्पर्श, मग टेबलावरून पेन ढकलल्याचा आवाज, मग कानाशी एक दीर्घ, तक्रारवजा म्यांव. गेले चार महिने माझा दिवस असा सुरू होत असे. प्रबंधाची टिपणे आवरून मी दीड वाजता आडवी होते. चिंगी चारला उठते. माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीची नोकरी सकाळी सातची. तिने शेवटी महिनाअखेरची मुदत दिली : एक तर मांजर रात्री गप्प राहील, नाही तर कुणीतरी दुसरी जागा शोधील. ते ‘कुणीतरी’ म्हणजे मी, ती की चिंगी, हे तिने स्पष्ट केले नाही.

मी घरी फोन केला. आई म्हणाली, “रात्री बाहेर काढ की तिला. आम्ही नाही का काढायचो?” मागून आजीचा आवाज आला, “चारला उठते तर त्यात बिघडलं काय?”

दोघींपैकी कुणीही चुकीचे बोलत नव्हते. आजीच्या काळी पहाटे चारला उठणारे मांजर ही तक्रारीची बाब नव्हती. आईच्या काळी ते रात्री घरातच नसे. माझ्या वाट्याला ते रात्रभर बंद खोलीत आले आहे आणि त्याने माझ्या वेळापत्रकाप्रमाणे झोपावे अशी माझी अपेक्षा आहे. ही अपेक्षा मानवी इतिहासात किती नवी आहे, याविषयी आजचा धागा. शेवटी उपायही सांगते. पण ते या इतिहासातूनच निघतात, तेव्हा मित्रहो, थोडा धीर धरा.

आधी एक गैरसमज दूर करू. मांजर पूर्णपणे निशाचर नाही. त्याची खरी वेळ संधिकाळाची, म्हणजे दिवस मावळतानाची आणि उजाडण्यापूर्वीची. अंधुक उजेडात उंदीर बाहेर पडतात, पाखरे हालचाल करू लागतात आणि मांजराच्या डोळ्यांतील पडद्यामागचा परावर्तक थर त्या उजेडाचा पुरेपूर लाभ घेतो. दुपारभर पलंगावर लोळणारे मांजर आळशी नसते. ते आपल्या पाळीची वाट पाहत असते.

‘पाळी’ हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरते आहे. मांजर माणसाकडे आले ते कामावर आले. पश्चिम आशियात धान्य साठवले जाऊ लागले, धान्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आले. २००४ साली जाँ-दनी विन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायप्रस बेटावरील शिलुरोकाम्बोस या स्थळी सापडलेल्या सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनाची माहिती प्रसिद्ध केली. तेथे माणसाच्या सांगाड्यापासून साधारण ४० सेंटिमीटरवर सुमारे आठ महिन्यांच्या मांजराचा सांगाडा होता. सायप्रसमध्ये मुळात रानमांजरे नव्हती. म्हणजे कुणीतरी ती होडीतून नेली होती. २००७ साली ९७९ मांजरांच्या जनुकांचा अभ्यास झाला, आणि जगभरच्या घरगुती मांजरांचे मूळ ‘फेलिस लिबिका’ या आफ्रिकी-आशियाई रानमांजरात असल्याचे दिसले. खरे माणसाळणे पश्चिम आशियात झाले की उत्तर आफ्रिकेत, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. नव्या अभ्यासांनी तो उलट पुन्हा पेटवला आहे.

इजिप्तविषयी लिहिताना सगळे बास्तेत देवीकडे वळतात. मला मात्र दुसरेच मांजर अधिक बोलके वाटते. ‘मृतांचे पुस्तक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहाच्या सतराव्या प्रकरणात सूर्यदेव रा मांजराच्या रूपात येतो, आणि युद्धाच्या एका रात्री हेलिओपोलिसच्या पवित्र वृक्षापाशी शत्रूंचा नाश करतो. दैर अल-मदीना येथील एका थडग्याच्या भिंतीवर हे मांजर हाती सुरा घेऊन सर्प कापताना रंगवलेले आहे. इतरांच्या झोपेच्या वेळी मांजर कामावर असते, ही गोष्ट त्या चित्रकाराने घरी पाहिलेलीच असणार.

आपल्याकडे याच कामाला राज्याचे संरक्षण होते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात उंदरांचा उपद्रव झाला तर मांजरे आणि मुंगसे सोडावीत असे सांगितले आहे. त्यांना पकडणाऱ्यास किंवा मारणाऱ्यास १२ पणांचा दंड आहे. (सिंधमधील चान्हुदडो येथे एक हडप्पाकालीन वीट सापडली आहे, तिच्यावर मांजराच्या पंजाचा आणि त्यामागोमाग कुत्र्याच्या पंजाचा ठसा आहे. ओल्या विटेवरून झालेला हा पाठलाग चार हजार वर्षे टिकला. ते मांजर पाळीव होते की रानटी, हे ठशावरून सांगता येत नाही. पण हा फोटो एकदा तरी पाहाच.)

इंग्लंडमधील एक्सेटर कॅथेड्रलच्या १३०५ ते १४६७ या काळातील हिशेबांत मांजराच्या नावे तिमाहीला १३ पेन्स, म्हणजे आठवड्याला एक पेनी, अशी नोंद येते. तेथील जुन्या खगोलीय घड्याळाखालच्या दाराला आजही एक गोल भोक आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते सुताराकडून पाडून घेतले गेले, मांजराला जाण्या-येण्यासाठी. घड्याळाच्या दोरांना चरबी लावत, चरबीला उंदीर लागत, म्हणून मांजर, असे त्याचे कारण सांगतात. माणसाचे घड्याळ नीट चालावे म्हणून मांजराने रात्र जागवावी, असा हा व्यवहार. आज आपण तोच उलटा करायला निघालो आहोत.

पुढे १८६८ साली लंडनच्या टपाल खात्याच्या मनिऑर्डर कार्यालयात उंदीर कागद कुरतडू लागले, तेव्हा तीन मांजरे रीतसर नेमली गेली. भत्ता तिघांत मिळून आठवड्याला एक शिलिंग, तोही सहा महिन्यांच्या अजमाइशीवर. उंदीर कमी न झाल्यास भत्ता आणखी कापला जाईल, अशी तंबीही वरिष्ठांनी दिली होती. कंत्राटी कामगारांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या तिघांना विसरू नये.

या सर्व हजारो वर्षांत मांजराने रात्री झोपावे असे कुणाला वाटल्याचे मला कुठे आढळले नाही. जागे राहणे हीच त्याची नोकरी होती.

आता माणसाच्या झोपेकडे वळू.

अमेरिकी इतिहासकार रॉजर एकर्क यांनी २००१ मध्ये एका निबंधात आणि २००५ मध्ये एका ग्रंथात असे मांडले की औद्योगिक काळापूर्वीचा युरोप एका दमात झोपत नसे. न्यायालयातील साक्षी, रोजनिश्या, वैद्यकीय पुस्तके यांत ‘पहिली झोप’ आणि ‘दुसरी झोप’ असे उल्लेख त्यांना सापडले. मधल्या तासाभरात माणसे प्रार्थना करीत, गप्पा मारीत, घरातली कामे उरकीत. हा निष्कर्ष सर्व मानवजातीला लावता येईल का, याविषयी शंका आहे. २०१५ साली टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हिया येथील तीन बिगर-औद्योगिक समाजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील लोक बहुधा सलगच झोपत होते. पण ते सूर्यास्तानंतर तीनेक तासांनी झोपत आणि बहुतांशी सूर्योदयापूर्वी उठत, ही त्याच अभ्यासातील गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. झोप एक असो वा दोन, जुन्या जगात पहाटे कुणीतरी जागे असे.

महाराष्ट्रात ते ‘कुणीतरी’ म्हणजे बाई. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचेपर्यंत दिवसाच्या भाकरीचे पीठ पहाटेच्या अंधारात जात्यावर दळले जाई. त्या दळणाबरोबर गायिलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने संकलित केल्या. आपण त्यांच्याकडे काव्य म्हणून पाहतो; स्त्रियांच्या जागरणाचा आणि श्रमाचा तो केवढा मोठा दस्तऐवज आहे, हे बहुधा विसरतो. माझी पणजी जात्यावर बसे तेव्हा आजी तिच्या मांडीवर डोके ठेवून पेंगत असे, आणि मांजर, हे आजीच्याच शब्दांत, “चुलीतल्या राखेतून उठून अंग झटकत यायचं नि जात्याशी बसायचं, उंदीर यायचेच ना दाण्यांना.” बाई जागी, मांजर जागे. तक्रार करणार कोण?

ही सोबत मोडली ती दिव्यांमुळे. १८०७ साली लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. १८६५ साली ते मुंबईच्या रस्त्यांवर आले. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून वीज विकली जाऊ लागली. उजेड स्वस्त झाला तसतसा माणसाच्या रात्रीचा आरंभ पुढे सरकला. तिचा शेवट मात्र गिरणीच्या भोंग्याने, शाळेच्या घंटेने आणि कचेरीच्या वेळेने बांधला. दोन्ही टोकांकडून आवळलेली ही झोप मग मोलाची झाली आणि ती मोडणारा गुन्हेगार ठरला. मांजराची संध्याकाळ आणि पहाट होती तेथेच राहिली.

तरीही मांजर-माणसाचा खटका उडायला आणखी एक गोष्ट घडावी लागली, आणि तिचे श्रेय धुळीला जाते. १९४७ सालचा जानेवारी. अमेरिकेतील मिशिगन राज्यात एड लोव यांच्याकडे एक शेजारीण मांजराच्या पेटीसाठी वाळू मागायला आली. ती तोवर राख वापरीत असे आणि घरभर राखेचे पाय उमटत. लोव कारखान्यांना तेल टिपणारी दाणेदार माती विकत. त्यांनी तीच देऊ केली. मातीने ओल आणि वास दोन्ही शोषले. मग त्यांनी पाच पौंडांच्या पिशव्या भरून त्या ‘किटी लिटर’ या नावाने ६५ सेंटला विकायला काढल्या. तोपर्यंत शहरातले मांजरही रात्री बाहेर असणे हेच सामान्य होते. या मातीमुळे ते चोवीस तास बंद घरात राहू शकले. माझ्या खोलीतील पहाटे चारच्या प्रसंगाचा तांत्रिक पाया त्या पिशवीत आहे. इतिहासाच्या पुस्तकांत वाफेच्या इंजिनाला प्रकरणे मिळतात. या मातीला तळटीप मिळाली तरी पुष्कळ.

मग आईचा सल्ला मानून चिंगीला रात्री बाहेर काढावे का? वाहने, कुत्री, मारामाऱ्या हे धोके आहेतच. शिवाय २०१३ साली इटलीतील मेसिना येथील संशोधकांनी दोन प्रकारे ठेवलेल्या मांजरांची तुलना केली. मालकांच्या सहवासात घरात राहणाऱ्या मांजरांची दिनचर्या मालकांच्या दिनचर्येजवळ सरकलेली होती. रात्री बाहेर ठेवलेली मांजरे मात्र रात्री अधिक सक्रिय होती. म्हणजे बाहेर काढल्याने जुनी नोकरी पक्की होते. आणि मांजराचे वेळापत्रक सरकते, हेही या अभ्यासाने सांगितले.

ते कसे सरकवावे, याचे धागे मला ज्या चार संशोधकांकडे मिळाले, त्यांतल्या पहिल्याविषयी मला विशेष आपुलकी आहे. एडवर्ड थॉर्नडाइक १८९८ साली कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत होता, वय माझ्याएवढेच. त्याने भुकेल्या मांजरांना फळ्यांच्या पेट्यांत ठेवले, बाहेर खाणे ठेवले, आणि दार उघडायला किती वेळ लागतो ते मोजले. मांजर आधी ओरबाडे, चावे, धडपडे. योगायोगाने कळ दाबली जाई. पुढच्या खेपांना वेळ हळूहळू घटत जाई. ज्या कृतीचे फळ मिळते ती टिकते, हा त्याचा निष्कर्ष. चार महिने चिंगी पेन पाडत होती आणि मी डोळे चोळत वाटीत खाणे ओतत होते. थॉर्नडाइकच्या पेटीतली कळ म्हणजे मीच होते.

दुसऱ्या कॅरन मॅकॉम्ब, ससेक्स विद्यापीठाच्या. त्यांचेच मांजर त्यांना सकाळी एका विशिष्ट गुरगुरीने उठवी. त्यावरून निघालेल्या संशोधनात २००९ साली त्यांनी दाखवले की खाणे मागताना मांजर गुरगुरीत एक उंच, रडण्यासारखा सूर मिसळते, आणि कधी मांजर न पाळलेल्या माणसांनाही तो अधिक निकडीचा वाटतो. तेव्हा पहाटे तुमचे मन द्रवले तर तो तुमचा दुबळेपणा समजू नका. तो सूर नेमक्या त्याच ठिकाणी लागतो.

तिसरे जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पाउल लायहाउझेन. दबा धरणे, झेप घेणे, पकडणे या प्रेरणा भुकेवर अवलंबून नसतात, हे त्यांनी दाखवले. पोट भरले तरी शिकार राहतेच. चौथे फ्रान्समधील ल्यों शहरातले मिशेल जुवे. मेंदू जागा आणि शरीर शिथिल अशा ज्या झोपेत आपल्याला ठळक स्वप्ने पडतात, तिला १९५९ साली ‘विरोधाभासी झोप’ हे नाव त्यांनी दिले ते मांजरांवरील प्रयोगांतून. पुढे त्यांनी मेंदूतील स्नायू शिथिल करणारा भाग निकामी केला, तेव्हा झोपलेली मांजरे उठून अदृश्य भक्ष्यावर झेप घेऊ लागली. हे प्रयोग आज वाचताना अंगावर काटा येतो. माणसाला स्वतःच्या झोपेविषयी जे कळले, त्यातले बरेच असे मांजरांच्या झोपेतून काढून घेतलेले आहे.

तर माझा उपाय. इतिहासाच्या विद्यार्थिनीला दुसरे काय सुचणार. मी दफ्तर ठेवले. आठवडाभर वहीत चिंगीच्या वेळा टिपल्या. त्यातून असे निघाले की संध्याकाळी सातच्या सुमारास, तिच्या पहिल्या पाळीला, मी ग्रंथालयात असते आणि ती एकटी. आठला मी वाटी भरते, नऊला ती रिकामी. चारपर्यंत सात तासांचा उपास. मांजर निसर्गतः दिवसभरात अनेकदा थोडे थोडे खाणारे, तेव्हा तिची हाक अगदीच खोटी नव्हती.

मग आठचे खाणे अर्धे केले आणि उरलेले झोपण्याच्या वेळेवर नेले. त्याआधी पंधरा मिनिटे काठीला बांधलेल्या पिसाची शिकार. पीस पळवायचे, लपवायचे, आणि शेवटी पकडू द्यायचे, हे महत्त्वाचे; लेझरच्या ठिपक्यात हातात काहीच येत नाही. शिकार, मग खाणे, मग अंग चाटणे, मग झोप, हा तिचा मूळ क्रम मी फक्त मध्यरात्रीकडे ओढला. पहाटे खिडकीच्या कठड्यावर कबुतरे येतात, तेथे जाड पडदा लावला. दिवसा थोडे दाणे पुठ्ठ्याच्या खोक्यांत दडवून ठेवू लागले, म्हणजे सारी ऊर्जा पहाटेसाठी साठू नये. ज्यांना परवडते त्यांनी ठरल्या वेळी उघडणारे खाद्यपात्र घ्यावे. आधी ते मांजराच्या उठण्याच्या किंचित आधीची वेळ लावून ठेवावे, मग दर काही दिवसांनी दहा-पंधरा मिनिटे पुढे न्यावे. मांजराची हाक यंत्राकडे वळते, तुमच्याकडे नाही.

सर्वांत कठीण भाग म्हणजे काहीच न करणे. पहाटेच्या हाकेला खाणे नाही, कुरवाळणे नाही आणि ओरडणेही नाही. कारण रागावणे हाही प्रतिसादच. सुरुवातीला प्रकार वाढतो. तिसऱ्या रात्री चिंगीने स्टीलचा पेला पाडला. चौथ्या रात्री पेला आणि नंतर त्याचे झाकण. अशा वेळी पाचव्या दिवशी हार मानली, तर मांजर एवढेच शिकते की पाच दिवस लागतात. मी मैत्रिणीला कानात घालायचे बोळे आणून दिले आणि मुदतीत एक आठवडा वाढवून मागितला.

एक सावधगिरी. एरवी शांत असणारे मांजर, विशेषतः म्हातारे, अचानक रात्री ओरडू लागले तर हे उपाय बाजूला ठेवून पशुवैद्याकडे जा. थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार, दुखणे किंवा वयोमानाने आलेला गोंधळ हे त्यामागे असू शकते. नसबंदी न झालेल्या मांजराच्या हाकांचे कारण तर वेगळेच. आणि रात्री दार लावून घेणार असाल, तर पाणी आणि लिटरची पेटी त्याच्या बाजूला हवी.

आज चौथा आठवडा चालू आहे. चिंगी आता साधारण पावणेसहाला उठते. त्याहून पुढे ती सरकत नाही, आणि सरकेल असे मला वाटतही नाही. पहाट तिची आहे. उरलेले अंतर मला कापावे लागले. मी दीडऐवजी साडेबाराला झोपू लागले आहे. प्रबंधाची गती त्यामुळे घटली नाही, हे मार्गदर्शकांनी वाचले तरी चालेल.

सकाळचे खाणे मैत्रीण घालते. तिला सहाला उठायचेच असते. तयारी करून, निघण्यापूर्वी, सव्वासहाला ती वाटी भरते. उठल्या उठल्या मुळीच नाही, हा नियम तिनेच कडक केला. मुदतीचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही. काल घरी फोन केला तेव्हा आजीने आधी मांजराचेच विचारले. पावणेसहा ऐकून म्हणाली, “एवढ्या उशिरा? बरं नाही का तिला?”